नामंजूर स्प्रिंग

अप्पांनी जन्मात एकच यंत्र उघडून पुन्हा बंद केलं होतं, आणि ती छत्री होती. तरीही सोसायटीच्या सभेत उभं राहून "टोच्या मी दुरुस्त करतो" असं म्हणताना त्यांचा आवाज जराही कापला नाही. मुळात अप्पांचा आवाज कापायचाच नाही. कापायची पाळी नेहमी ऐकणाऱ्यांवर यायची.

टोच्या म्हणजे हिरवळीला भोकं पाडायचं यंत्र. दिसायला हातगाडीसारखं. पुढे इंजिन, मागे हँडल आणि पोटात पोकळ खिळ्यांच्या चार रांगा. इंजिन सुरू झालं की आतला क्रँक फिरतो, क्रँकवर बसवलेले चार कनेक्टिंग रॉड शिवणयंत्राच्या सुईसारखे वर-खाली होतात आणि खिळे जमिनीत घुसून मातीच्या बोटभर गुंडाळ्या उपटून बाहेर टाकतात आणि यंत्र आपलं आपणच पुढे सरकत राहतं. त्या भोकांतून मुळांना हवा मिळते, पाणी मिळतं आणि गवत खूश होतं. आधीच्या कमिटीने हे यंत्र एका बंद पडलेल्या क्रीडासंकुलाकडून जुनं घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने अशी काही खडखड केली, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी घाबरून गॅस बंद केला. मग आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि टोच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच.

इकडे हिरवळीची पार फरशी झाली. मुलांनी खेळून, मोठ्यांनी शतपावली करून आणि सगळ्यांनी मिळून दुर्लक्ष करून जमीन इतकी घट्ट केली, की पाणी आत शिरेना. सकाळी पाइप सोडला की सगळं पाणी उतारावरून सरळ जिन्याच्या दाराशी यायचं आणि तिथे भाडेकरूसारखं मुक्काम ठोकायचं. कामावर जाणारी माणसं बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपापल्या गाड्यांकडे जायची. त्यात सोसायटीचे अध्यक्षही असायचे.

"ही हिरवळ पाणी पीत नाही," अध्यक्ष सभेत म्हणाले. "जी पाणीच पीत नाही, ती जगणार कशी? म्हणून माझा ठराव आहे, की तिथे फरशा टाकून गाड्या उभ्या कराव्यात."

अध्यक्षांकडे नुकतीच दुसरी गाडी आली होती, हे खरं. पण त्यांचे बूट रोज भिजत होते, हेही खरं. सभासदांनी माना डोलावल्या. आणि तेव्हाच अप्पा उठले.

का उठले, ते फक्त घरच्यांना ठाऊक होतं. अप्पांचे वडील, नाना, मागे एकदा फरशीवर पाय घसरून पडले होते. तेव्हापासून त्यांचा जगातल्या सगळ्या फरशांवरचा विश्वास उडाला. घराबाहेर ते चालत ते फक्त हिरवळीवर. "इथे पडलो तरी गवतावर पडेन," म्हणत. संध्याकाळी काठी टेकत दोन फेऱ्या मारायच्या, बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. तिथे फरशी आली की नाना खिडकीत बसणार. आणि खिडकीत बसलेले नाना अप्पांना बघवले नसते. त्यांना नुसत्या विचारानेच गलबलून आलं आणि त्या गलबल्यात तोंड बोलून गेलं.

"महिनाअखेरच्या सभेला टोच्या चालवून दाखवतो," अप्पा म्हणाले. "हिरवळ पाणी प्यायली नाही, तर तुमच्या ठरावावर पहिली सही माझी."

घरी बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती.

"अहो, गेल्या वर्षी तुम्ही नळाचा वॉशर बदललात," बायको शांतपणे म्हणाली, "तेव्हापासून आपण भांडी बाथरूममध्ये घासतो."

"तो नळच सदोष होता."

"आणि हे यंत्र?"

"यंत्र हे शेवटी तर्काने चालतं," अप्पा म्हणाले. "मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

हे मात्र खरं होतं. अप्पा विमा कंपनीच्या दावे विभागात वरिष्ठ अधिकारी होते. एखाद्याची गाडी झाडावर आदळली, तर झाड तिथे आधीपासून होतं का, हे विचारणं त्यांचं काम. प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध लावायचा आणि ज्याचा लागत नाही ते नामंजूर करून मोकळं व्हायचं, हा त्यांचा बाणा. या बाण्यावर त्यांनी तीन बढत्या मिळवल्या होत्या आणि अनेक लोकांशी कायमचा दुरावा.

नाना आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "बाळ्या, लहानपणी तू माझं घड्याळ उघडलं होतंस."

"नाना, तेव्हा मी सात वर्षांचा होतो."

"घड्याळ नवीन होतं," नाना म्हणाले आणि पुन्हा झोपले.

सत्तावन्न वर्षांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला घरात 'बाळ्या' म्हणतात, ही गोष्ट अप्पांनी ऑफिसपासून कसोशीने लपवून ठेवली होती.

दुरुस्ती पंपाच्या खोलीतच करायची असं ठरलं होतं, पण अध्यक्षांनी नियम काढला. सामाईक जागेत कोणाही सभासदाने खासगी काम करू नये, असा तो नियम. यंत्र सोसायटीचं असल्यामुळे काम खासगी कसं, असं अप्पांनी विचारलं. दुरुस्ती तुम्ही हौसेने करताय म्हणून खासगी, असं उत्तर आलं. अप्पांना हे उत्तर इतकं आवडलं, की त्यांनी ते ऑफिसात वापरायला मनात टिपून ठेवलं. पण टोच्याला तळमजल्यावरच्या त्यांच्या दिवाणखान्यात यावं लागलं. चार जणांनी तो ढकलत आणला. सोफा बेडरूममध्ये गेला, बेडरूममधलं कपाट गॅलरीत गेलं, गॅलरीतल्या कुंड्या बाथरूममध्ये गेल्या आणि भांडी घासायची जागा पुन्हा स्वयंपाकघरात आली. नळ गळतच होता. बायकोने टोच्याखाली जुनी चादर अंथरली आणि इंजिनावर फुलदाणी ठेवली.

"ती फुलदाणी कशाला?"

"कोणी आलं तर विचारतील, हे काय आहे. मग मी म्हणेन, फुलदाणी आहे."

अप्पांनी पाने हातात घेतले आणि यंत्र उघडलं. उघडणं हे फार सोपं काम असतं. माणसाला आपण तज्ज्ञ असल्याची भावना होते ती नेहमी यंत्र उघडतानाच. एक एक नट सुटत गेला आणि अप्पांची छाती फुगत गेली. वाटेत आडवी येत होती म्हणून त्यांनी हँडलजवळची एक छोटीशी स्प्रिंग सगळ्यात आधी काढून वाडग्यात टाकली. मग पट्टा निघाला, झाकण निघालं आणि आतलं दृश्य समोर आलं. चार कनेक्टिंग रॉडपैकी एक मधोमध मोडलेला. दुसरा असा वाकलेला, की जणू कोणीतरी त्याला वाईट बातमी सांगितली होती. आणि रॉडच्या दोन्ही टोकांना जी बेअरिंग असतात, ती कोरडीठाक. बोटाने फिरवली की आतल्या गोळ्या दात खाल्ल्यासारख्या करकरत.

"चारही रॉड नवे आणि सगळी बेअरिंग नवी," अप्पांनी निकाल दिला. "जुन्याबरोबर नवं ठेवलं, की जुनं नव्याला बिघडवतं."

"हे मी तुमच्या लग्नात म्हणायला हवं होतं," नाना खुर्चीतून म्हणाले. कोणाला जुनं आणि कोणाला नवं म्हणायचं, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. बायको मात्र दिवसभर हसत होती.

सुट्या भागांच्या दुकानदाराकडे रॉड होते. अप्पांनी मोडका नमुना काउंटरवर ठेवताच त्याने तसलाच नवा काढून दाखवला. पण दिला नाही.

"यंत्र कोणाच्या नावावर?"

"सोसायटीच्या."

"मग सोसायटीचं पत्र लागेल. शिक्क्यासकट. संस्थेच्या यंत्राचे भाग आम्ही सुट्या माणसाला देत नाही. मागे एकाने नेले आणि स्वतःच्या मळणीयंत्राला लावले. ते मळणीयंत्र अजून सापडलेलं नाही."

अप्पांना राग येण्याऐवजी आदर वाटला. हा माणूस दावे विभागात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

सोसायटीचा शिक्का सचिवांकडे असे, आणि सचिव होते दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. शिक्का घरी ठेवला तर मुलं भिंतींवर मारतात, म्हणून डॉक्टरांनी तो दवाखान्यात ठेवला होता. दवाखान्यात बसणाऱ्या बाईंनी सांगितलं, की नंबर लावल्याशिवाय आत सोडता येणार नाही. अप्पांनी नंबर लावला. नंबर आला, तेव्हा आत बसायला एकच खुर्ची होती, आणि ती मागे झुकणारी होती.

"डॉक्टर, मला फक्त शिक्का..."

"हो हो, देतो की. जरा तोंड उघडा. बघतो नुसतं."

डॉक्टर मनाने चांगले होते, पण उघडलेलं तोंड समोर दिसलं की त्यांना राहवत नसे. अप्पा बाहेर आले ते पत्रावर शिक्का आणि गालात कापूस घेऊन. एक दाढ दवाखान्यातच राहिली होती.

"किडली होतीच," डॉक्टर दारापर्यंत सोडायला आले होते. "आज ना उद्या शेजारच्या दोन्हींना बिघडवलं असतं. आणि हो, बेअरिंग बसवायच्या दिवशी मला हाक मारा. मला असल्या कामाची फार हौस आहे. आतलं बघायचा छोटा आरसा आहे माझ्याकडे."

अप्पा तसेच दुकानात गेले. अर्धं तोंड बधिर होतं. पत्र दिलं, बोटांनी चार आणि आठ दाखवलं, म्हणजे चार रॉड आणि आठ बेअरिंग. दुकानदाराने प्रेमाने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि आठ रॉड आणि चार बेअरिंग बांधून दिली. घरी येऊन पुडकं उघडलं, तेव्हा अप्पांचं तोंड पूर्ण शुद्धीवर आलेलं होतं आणि त्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान, पुन्हा पत्र. जुन्या पत्रावर काल माल गेलेला असल्याने नवं पत्र लागेल, असं कळलं. अप्पांनी शिक्का मागायला या वेळी बायकोला पाठवलं. तिचे दात उत्तम होते.

आता बेअरिंग रॉडमध्ये बसवायची. ती इतकी घट्ट जातात, की हातोडी मारली तर तुटतात. अप्पांनी यावर वाचन केलं होतं. थंडीने लोखंड आक्रसतं, उष्णतेने फुगतं. म्हणजे बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवायची, रॉड ओव्हनमध्ये तापवायचे, आणि मग एक दुसऱ्यात अलगद जाऊन बसतं. हे बरोबर होतं. या साऱ्या प्रकरणात अप्पांचं शास्त्र कुठेच चुकलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. चुकायची ती बाकीची सगळी माणसं.

"मटारशेजारी?" बायको म्हणाली.

"पिशवीत आहेत."

"आणि ओव्हनमध्ये मी काय ठेवू? इंजिन?"

दुपारी नानांना थंड पाणी हवं होतं. घरात कोणी नव्हतं, म्हणून ते स्वतः उठून फ्रीझरपर्यंत गेले. अप्पा ऑफिसातून आले, तेव्हा नाना भिंगाच्या चष्म्यातून पेल्यात बघत होते.

"बाळ्या, या बर्फाला भोक आहे."

"नाना! पाणी प्यायलात का त्यातलं?"

"प्यायलो की. विरघळेल म्हणून तासभर वाट बघतोय. जुन्या काळी बर्फ असा नव्हता."

अप्पांनी ते बेअरिंग पुसलं, वाळवलं आणि पुन्हा गारठवलं. मग डॉक्टरांना हाक मारली. ते कपाळावर दिवा बांधून, आरसा, चिमटा आणि रबरी हातमोजे घेऊन हजर झाले. बायकोने ओव्हनमधून रॉड काढून द्यायचा, अप्पांनी बेअरिंग धरायचं, डॉक्टरांनी चिमट्याने सरळ करायचं, अशी वाटणी झाली. पहिलं बेअरिंग 'टक्' करून आत बसलं, तेव्हा तिघांनीही श्वास सोडला. आठवं बसलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, खरंच जमतंय की तुम्हाला!" त्या 'खरंच'मुळे अप्पांना किंचित लागलं, पण त्यांनी ते आनंदाच्या खात्यावर जमा केलं.

मग रॉड क्रँकवर चढले. प्रत्येक रॉडला खालून एक टोपी येते, ती त्याच रॉडची असावी लागते आणि तिच्यावरची खूण रॉडवरच्या खुणेसमोरच यावी लागते. इथे अप्पांचा हातखंडा होता. खुणा जुळवणं हे त्यांचं रोजचं काम. डॉक्टर आरसा आत घालून "जरा उघडा... अजून जरा... आता मिटा" असं यंत्राला सांगत होते. नट आवळले, ग्रीस भरलं, पट्टा चढवला. अप्पांनी हाताने क्रँक फिरवून पाहिला. चारही रॉड एकामागून एक असे उठले आणि बसले, की आवाजसुद्धा आला नाही. अप्पांना आयुष्यात इतकं समाधान फार कमी वेळा मिळालं होतं. आपल्या हातांनी काहीतरी नीट झालं, आणि तेही कोणाचा दावा न फेटाळता!

"अहो, पण हे कशाचं?" बायकोने विचारलं.

वाडग्याच्या तळाशी करंगळीएवढी एक स्प्रिंग उरली होती.

अप्पांनी ती उजेडात धरली, टोच्याभोवती एक चक्कर मारली, रॉडकडे पाहिलं, बेअरिंगकडे पाहिलं. डॉक्टरांनी आरसा फिरवला. कुठेच काही उणं दिसेना.

"दाढ काढताना कधी कधी एखादा तुकडा जास्तीचा निघतो," डॉक्टर म्हणाले. "लोक जगतात त्याच्याशिवाय."

"आपण बदलले रॉड आणि बेअरिंग," अप्पा म्हणाले. "हिचा रॉडशी संबंध नाही. बेअरिंगशी संबंध नाही. यंत्र व्यवस्थित फिरतंय. जिचा कशाशीच संबंध लागत नाही, ती गोष्ट घटनेच्या वेळी तिथे होती, हेच मला मान्य नाही."

"पण ती वाडग्यात होती."

"वाडगा हा पुरावा नाही. नामंजूर."

असा स्प्रिंगचा दावा फेटाळला गेला. अप्पांनी ती कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावली, नेम चुकला आणि ती नानांच्या खुर्चीजवळ जाऊन पडली. नानांनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण पायाने ती हळूच आपल्याकडे ओढली.

सभेच्या दिवशी हिरवळीच्या एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांनी तयारीनिशी यायचं म्हणून कोपऱ्यात वाळू पसरून तिच्यावर नमुन्याच्या चार-सहा फरशा मांडून ठेवल्या होत्या, म्हणजे सभासदांना भविष्य डोळ्यांनी दिसावं. नाना आपल्या बाकावर होते. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टोच्या धुऊनपुसून लख्ख होता. फुलदाणी तेवढी काढली होती.

"सभासद बंधु-भगिनींनो," अप्पांनी सुरुवात केली. "हा लिव्हर दाबला, की यंत्र चालतं. सोडला, की थांबतं. इतकं साधं आहे. घाबरायचं कारण नाही."

इंजिन सुरू झालं. अप्पांनी लिव्हर दाबला. आणि काय सांगावं! खडखड नाही, करकर नाही. चार रॉड नाचू लागले, खिळे जमिनीत 'धप धप धप' शिरू लागले आणि मातीच्या गुंडाळ्या पटापट मागे पडू लागल्या. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर तर उभं राहून वाजवत होते. टाळ्यांना मान द्यावा म्हणून अप्पांनी लिव्हर सोडला आणि हात जोडून जरासे वाकले.

टोच्या थांबला नाही.

तो जसा चालला होता तसाच, शिस्तीत, एकटाच पुढे निघाला. अप्पा वाकलेले असतानाच त्यांच्या नजरेतून तो निघून गेला. ते धावले, हँडल पकडलं, लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. टोच्याला आता लिव्हरशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. इंजिन बंद करायचं बटण क्रीडासंकुलातच तुटून राहिलं होतं, आणि त्यानंतर कोणाला त्याची आठवण झाली नव्हती.

"थांबवा ते!" अध्यक्ष ओरडले.

आता कोणीही दुसरा माणूस असता, तर "मदत करा" म्हणाला असता. पण अप्पांनी मान ताठ केली आणि यंत्रामागून फरफटत जाता जाता म्हणाले, "अजून थांबायची वेळ झालेली नाही!"

टोच्या खुर्च्यांच्या दिशेने वळला. सभासद आपापली खुर्ची उचलून उठले आणि सगळी सभा डोक्यावर खुर्च्या घेऊन हिरवळीभर फिरू लागली. धावता धावता सल्ले चालू होते. कोणी म्हणे डावीकडे दाबा, कोणी म्हणे पाण्यात घाला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वरून ओरडत होत्या की गॅस बंद करा. डॉक्टर आरसा घेऊन बाजूने पळत होते आणि "आत सगळं ठीक आहे!" असं दर वळणाला सांगत होते. कुंपण आलं की अप्पा सगळं अंग हँडलवर टाकून टोच्याला वळवत, आणि तो नव्या पट्ट्याला लागे. एकदा तो अध्यक्षांच्या नमुन्याच्या फरशांवर चढला. फरशा बाजूला उडाल्या, वाळूला सुबक भोकं पडली आणि टोच्या खाली उतरला. अशा किती फेऱ्या झाल्या, कोणी मोजल्या नाहीत. पण हिरवळीचा एकही कोपरा सुटला नाही.

आणि मग तो बाकाकडे निघाला.

"नाना, उठा!" अप्पा ओरडले. या वेळी मात्र त्यांचा आवाज कापला.

नाना उठले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही पाय बाकावर घेतले. टोच्या हातभर अंतरावर आला, एक उचकी दिली, दुसरी दिली आणि पेट्रोल संपल्यामुळे तिथेच थांबला. अप्पा हँडलवर कोसळले.

"सुरुवात चांगली करतोस तू," नाना म्हणाले.

सगळे हिरवळीकडे वळले. जिकडे तिकडे मातीच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. जे थोडंफार हिरवं होतं, तेही चिखलाच्या रंगात बुडून गेलं होतं. गुरांचा कळप रात्रभर नाचून गेला असता, तरी याहून बरं दिसलं असतं.

"वाटोळं केलंत," अध्यक्ष म्हणाले. रागाने नाही, खरोखरच्या दुःखाने. "होती नव्हती ती हिरवळही गेली. आता तरी मत घ्यायचं ना?"

अप्पांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांना नानांची खिडकी दिसू लागली, आणि खिडकीतली खुर्ची. पहिल्यांदाच त्यांना वाटून गेलं, की आपण सभेत उठायला नको होतं. सांगायला शास्त्र भरपूर होतं, पण तोंडातून शब्द फुटेना, आणि या वेळी दाढेचं काही कारण नव्हतं.

"मत नंतर घ्या," मागून बायकोचा आवाज आला. ती पाइपच्या नळाशी उभी होती. "ठराव कशावर होता? पाणी पीत नाही, यावर. मग आधी पाणी तर सोडून बघा. गवताला विचारायच्या आधीच त्याची शोकसभा काय घेता?"

तिने नळ पूर्ण उघडला.

सभासदांना सवय होती. पाणी सुटलं, की पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी चपला-बूट काढून हातात घेतले, पँटी दुमडल्या आणि जिन्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. अध्यक्ष सगळ्यांत पुढे, रोजच्या डबक्याच्या जागेवर, दोन्ही हातांत एकेक बूट. सगळे उताराकडे बघत होते. पाणी पाइपातून धो धो पडत होतं. ते भोकांत शिरत होतं, बुडबुडे येत होते, जमीन 'गुटगुट' आवाज करत होती. खूप दिवस कोणी विचारलं नव्हतं, अशा माणसासारखी ती पीत होती.

पाणी आलं नाही.

थोडा वेळ गेला. कोणीतरी पँट खाली सोडली. आणखी थोड्या वेळाने डॉक्टरांनी चपला घातल्या. अध्यक्ष मात्र तसेच उभे होते. ते वाकले, तळव्याने जमीन चाचपली आणि हात बघितला. कोरडा होता. मग ते पायरीवर बसले आणि सावकाश, एकेक करून बूट पायात चढवले. नाड्यासुद्धा नीट बांधल्या.

"ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "पण माझ्या फरशा कोण गोळा करणार?"

"मी करतो," अप्पा म्हणाले. आवाज परत आला होता. "हौसेने करतोय, तेवढा नियम मोडू द्या. खासगी काम."

लोक पांगले. डॉक्टर जाताना टोच्याच्या पाठीवर थोपटून गेले. अप्पा बाकाजवळ आले, तेव्हा नाना फेरी मारायला उठत होते. रोज त्यांची काठी या जमिनीवर खडकावर आपटल्यासारखी वाजायची. आज त्यांनी ती टेकली आणि ती आवाज न करता आत गेली. नानांनी उपटून पाहिली. निघेना. त्यांनी हात सोडला, तरी काठी सरळ उभी राहिली.  मग नानांनी ती तशीच राहू दिली आणि दुसरा हात पुढे केला.

"दे हात."

अप्पांनी हात दिला. इतक्या वर्षांत नानांनी त्यांचा हात असा कधी मागितला नव्हता. अप्पांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी उगाचच मातीकडे बघितलं. दोन पावलं गेल्यावर नाना थांबले, खिशात हात घातला आणि अप्पांच्या तळव्यावर ती छोटीशी स्प्रिंग ठेवली.

"लिव्हर मागे ओढणारी आहे ती," नाना म्हणाले. "यंत्र ढकलत आणलं, तेव्हा हँडलपाशी बघितली होती मी."

"नाना! मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तू नामंजूर केलीस. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या निर्णयात मी कसा बोलणार?" नानांनी अप्पांचा हात घट्ट धरला. "आणि बरं झालं. वेळेवर थांबला असतास, तर एक पट्टा झाला असता फक्त. चल आता, बाळ्या. दोन फेऱ्या मारू."